धोकादर्शक फलक, इंधनवाहू टँकरवरील

पेट्रोल, डिझेल, रॉकेल इ. इंधने वाहून नेणाऱ्या टँकरवर मालाची ओळख व त्यापासूनचा धोका दाखवण्यासाठी कायद्याने बंधनकारक केलेला फलक. अपघातानंतर चालक पुष्कळदा बोलण्याच्या स्थितीत नसतो. टाकीत काय आहे हे अग्निशामक जवानांना दुरूनच कळावे, हा त्यामागचा हेतू.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीला लागू होतात. नियम १३४ प्रमाणे वाहनाच्या दोन्ही बाजूंना व मागे असे तीन फलक लागतात. पदार्थाचे तांत्रिक नाव किमान ५० मिमी. उंच अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक किमान १०० मिमी. उंच अंकांत आणि वर्गचिन्ह (धोक्याचा वर्ग दाखवणारे चिन्ह) किमान २५० मिमी. बाजूच्या चौरसाचे असावे लागते. आणीबाणीत कळवायचे दूरध्वनी क्रमांक, तसेच माल पाठवणाऱ्याचा किंवा तज्ज्ञ सल्ला देऊ शकणाऱ्याचा क्रमांकही आवश्यक आहे. नियमाच्या इंग्रजी मजकुरात ‘वर्ग क्रमांक’ असा शब्दप्रयोग असला, तरी टँकरवर दिसतो तो पदार्थाचा चार अंकी क्रमांक : पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, रॉकेल १२२३. अग्निशमनाच्या दृष्टीने हाच उपयोगाचा आहे, कारण ‘वर्ग ३’ म्हणजे नुसता ज्वालाग्राही द्रव. त्यात ही तिन्ही इंधने येतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ मात्र प्रज्वलनांकानुसार, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकेल अशा किमान तापमानानुसार (२३° से. खाली ‘अ’, त्यावर ६५° से. खाली ‘ब’), पेट्रोल व डिझेल यांना वेगळे करतो. या अधिनियमाखालील परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

फलकाचे मूळ : भारतीय फलक युरोपीय पद्धतीवरून आला, असे काही वेळा म्हटले जाते. जिनीव्हा येथे १९५७ मध्ये झालेल्या व १९६८ पासून अंमलात आलेल्या युरोपीय करारातील फलक नारिंगी असून त्यावर फक्त दोन संख्या असतात. पेट्रोलसाठी वर ३३ व खाली १२०३; वरच्या संख्येतील अंकाची पुनरुक्ती धोक्याची तीव्रता सांगते, म्हणून डिझेलला ३०. भारतीय फलकावरील दूरध्वनी क्रमांक व वर्गचिन्ह त्या नारिंगी पाटीवर नसतात. भारतीय फलकाची मांडणी ब्रिटिश ‘हॅझकेम’ फलकाशी अधिक जुळते. अपघातस्थळी काय करावे हे अंक व अक्षरांत सांगणारा हॅझकेम संकेत लंडन अग्निशमन दलाने १९७० च्या दशकाच्या आरंभी वापरात आणला. ब्रिटनमध्ये टँकरवरील फलकांचे नियम १९७८ मध्ये झाले. भारतीय टँकरवरही हा संकेत लिहिलेला आढळतो. त्यामुळे ब्रिटिश मूळच अधिक संभाव्य वाटते. संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक दोन्ही पद्धतींना समान असल्याने केवळ १२०३ वरून काहीच सिद्ध होत नाही.

पेट्रोलचा हॅझकेम संकेत ‘३ वाय ई’ असा आहे. ३ म्हणजे फेस वापरा. वाय या एका अक्षरात तीन सूचना आहेत : स्फोटक प्रतिक्रिया संभवते, श्वसनयंत्र लावा, सांडलेला द्रव गटारात वा ओढ्यात जाऊ न देता अडवा. ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. डिझेलला ‘३ वाय’ पुरते.

एकाच टाकीच्या निरनिराळ्या कप्प्यांत पेट्रोल व डिझेल असल्यास कमी प्रज्वलनांकाच्या, म्हणजे पेट्रोलच्या क्रमांकाने भागवण्याची मुभा युरोपीय व अमेरिकी नियमांत आहे. रिकामा टँकरही निर्धोक नसतो. तळाशी उरलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने आत साचून राहते. म्हणून युरोपीय करारानुसार टाकी साफ होईपर्यंत फलक काढता येत नाही.

इथेनॉल मिश्रणामुळे क्रमांकाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेल्या पेट्रोलला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ३४७५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. २० टक्के मिश्रण त्यातच मोडते. हा भेद कागदी नाही. साधा फेस अल्कोहोलमुळे विरून जातो आणि आग पुन्हा उफाळते. अशा वेळी अल्कोहोलरोधक फेस लागतो. चुकीची पाटी वाचून आलेला बंब चुकीचा फेस घेऊन येईल.

चालकाची कर्तव्ये : मालाविषयीची लेखी माहिती (प्रचारात ‘ट्रेम कार्ड’) चालकाने केबिनमध्ये ठेवायची असते. अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात तसेच वाहनमालकाला वा वाहतूकदाराला ताबडतोब कळवणे त्याच्यावर नियम १३६ ने बंधनकारक आहे.