‘शॅडो ऑफ रोम’ आणि ‘राइज: सन ऑफ रोम’: नावे जवळची, गेम निराळे

प्राचीन रोमवर बेतलेल्या ॲक्शन गेमची चर्चा निघाली की ‘तो रोमन सैनिकाचा गेम, ज्यात नायक वडिलांपायी आखाड्यात उतरतो’ असे वर्णन कोणीतरी हमखास करतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींना एक गेम आठवतो तर काहींना दुसराच. या घोळाला कारणही तसेच आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘शॅडो ऑफ रोम’ २००५ साली प्लेस्टेशन २ साठी आला. जर्मनीतील क्रायटेक कंपनीचा ‘राइज: सन ऑफ रोम’ नोव्हेंबर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या नव्या यंत्रासोबतच बाजारात उतरला आणि पुढच्या वर्षी संगणकावर आला. दोन्ही नावांच्या शेवटी ‘ऑफ रोम’ आहे, दोन्हींचा नायक रोमन लीजनमधला, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीतला, सैनिक आहे, दोन्हींत त्याच्या वडिलांवर घाला येतो, त्यामागे सत्तेच्या वर्तुळातले कारस्थान असते आणि त्या कारस्थानापर्यंत पोहोचण्यासाठी नायकाला ग्लॅडिएटर, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात लढणारा योद्धा, व्हावे लागते. रक्तपात दोन्हींत भरपूर असून दोन्ही गेम केवळ प्रौढांसाठी आहेत. एवढे साम्य असूनही प्रत्यक्ष खेळायला घेतल्यावर पहिल्या तासाभरातच लक्षात येते की एक गेम मुळात आखाड्याचा आहे आणि दुसरा मुळात रणांगणाचा.

कथेपासून सुरुवात करू. शेवट मात्र दोन्हींचे सांगत नाही. ‘शॅडो ऑफ रोम’ ज्युलियस सीझरच्या खुनाने उघडतो. खुनाचा आळ व्हिप्सानियस नावाच्या गृहस्थावर येतो, आणि ग्लॅडिएटरांच्या स्पर्धेत जो जिंकेल त्याच्या हातून या आरोपीला देहदंड दिला जाईल, असे जाहीर होते. आरोपीचा मुलगा अग्रिप्पा जर्मेनियाच्या सीमेवर लढत असतो. वडिलांच्या मानेवर तलवार चालवण्याचा हक्क आपणच जिंकला तर त्यांना वाचवता येईल, या हिशेबाने तो आखाड्यात उतरतो. इकडे त्याचा मित्र ऑक्टेव्हियन शहरात राहून खऱ्या खुन्यांचा माग काढू लागतो. ‘राइज’चा नायक मॅरियस टायटस हा रोमन सम्राट नीरोच्या काळातला. घरी आलेला असताना रोमवर रानटी टोळ्यांचा हल्ला होतो आणि त्याचे आईवडील व बहीण मारली जातात. मग व्हिटॅलियन हा सेनानी त्याला आपल्या चौदाव्या लीजनमध्ये घेऊन ब्रिटनला जातो. सूड उगवायचा तो तिथल्या बंडखोरांवर, असे त्याला प्रारंभी वाटते. खरे गुन्हेगार राजवाड्यात बसलेले आहेत हे पुढे उघड होते. ही सारी हकिकत मॅरियस स्वतःच नीरोला सांगत आहे, अशी गेमची मांडणी आहे.

दोन्ही कथा वडिलांभोवती फिरतात, पण एकीत वडील जिवंत आहेत आणि दुसरीत नाहीत. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी गेमची चाल त्यावरूनच ठरते. वाचवायचे असेल तर मुदत असते, तपास लागतो, पुरावे लागतात, मित्राची मदत लागते. त्यामुळे ‘शॅडो ऑफ रोम’ दोन नायकांत विभागला गेला आहे आणि एकाची लढाई संपली की दुसऱ्याची लपाछपी सुरू होते. सूड घ्यायचा असेल तर फक्त पुढे जायचे असते. ‘राइज’ आपल्या आठ प्रकरणांत तेवढेच करतो, आणि माझ्या मते त्याची ताकद व उणीव या दोन्ही गोष्टी तिथेच आहेत.

‘शॅडो ऑफ रोम’मधल्या लढाईचे मर्म प्रेक्षकांत आहे. अग्रिप्पाच्या हातातले शस्त्र टिकत नाही; ते झिजते, तुटते, आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या हातचे हिसकावून किंवा जमिनीवर पडलेले उचलून काम चालवावे लागते. शत्रूला नुसते मारून भागत नाही, ते लोकांच्या पसंतीस उतरेल अशा रीतीने मारावे लागते. वेगळ्या पद्धतीने केलेल्या प्रत्येक वाराला गेममध्ये स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र गुण आहेत. ते साठत गेले की गर्दी चेकाळते, आणि अशा वेळी अग्रिप्पाने हात उंचावून आवाहन केले की प्रेक्षकांतून शस्त्रे आणि खाण्याच्या वस्तू आखाड्यात येऊन पडतात. त्यामुळे जीव वाचवण्याचा मार्ग लोकांची करमणूक करण्यातूनच जातो. सामन्यांचे प्रकारही एकसारखे नाहीत: कुठे संघ विरुद्ध संघ, कुठे हिंस्र प्राणी, कुठे रथांची शर्यत. दर वेळी गर्दीला हवे ते निराळे असते, आणि खेळणारा नकळत स्वतःच्या कौशल्यापेक्षा गर्दीच्या मर्जीचा विचार करू लागतो. वडिलांसाठी उतरलेला सज्जन मुलगा टाळ्यांसाठी हातपाय तोडू लागतो, हा विरोधाभास गेम कुठेही बोलून दाखवत नाही. तो नियमांतच पेरलेला आहे.

‘राइज’च्या कथेत असा प्रेक्षकवर्ग नाही, तिथे प्रेक्षक म्हणजे पडद्यासमोर बसलेला माणूस. मॅरियसची तलवार झिजत नाही, ढाल मोडत नाही. ढालीने वार परतवणे, ढकलणे, तलवारीचे वार करणे हा क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि शत्रू पुरेसा खचला की त्याच्या देहांताचे छोटे दृश्य सुरू होते. त्या दृश्यात शत्रूच्या अंगावर निळी किंवा पिवळी झळाळी दिसते आणि त्या रंगाचे बटण वेळेवर दाबायचे असते. बक्षीस काय हवे तेही खेळणाऱ्याने आधी निवडायचे असते: आरोग्य, अनुभवाचे गुण, वारांची ताकद किंवा काळ मंद करणारी एकाग्रता. मौज अशी की बटण चुकले तरी शत्रू मरतोच. बक्षीस तेवढे कमी मिळते. या उदारपणावर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते, कारण चूक करण्याचीही सोय नसलेली लढाई थोड्याच वेळात कवायतीसारखी वाटू लागते. या रचनेची मुळे कदाचित गेमच्या पूर्वेतिहासात असावीत. ‘राइज’ची पहिली घोषणा २०१० साली झाली होती आणि तो एक्सबॉक्स ३६० च्या कायनेक्ट या कॅमेऱ्यासमोर हातवारे करून खेळायचा गेम म्हणून दाखवला गेला होता, पुढे सर्व काही बदलून तो हातातल्या कंट्रोलरवर आला. बाणांचा किंवा भाल्यांचा मारा करण्याचा हुकूम तोंडी देण्याची सोय मात्र एक्सबॉक्स वनवरही राहिली.

‘राइज’ खुलतो तो मॅरियस एकटा नसताना. ढालींच्या भिंती रचून तुकडी पुढे सरकत असते, वरून बाण येऊ लागले की सगळ्यांनी एकदम ढाली डोक्यावर घ्यायच्या, मारा थांबला की पिलम हे फेकण्याचे भाले सोडायचे आणि पुन्हा चार पावले पुढे जायचे. हे प्रसंग थोडेच आहेत, ही मोठी खंत. रोमन सैन्याची खरी शक्ती एकेकट्या योद्ध्याच्या शौर्यात नसून शिस्तीत होती, हे या प्रसंगांतून जेवढे कळते तेवढे बाकीच्या साऱ्या गेममधून कळत नाही. चित्रांबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही: चिलखतावरचा चिखल आणि चेहऱ्यांवरचे भाव आजही नजर खिळवून ठेवतात, तर आठ वर्षे आधीच्या ‘शॅडो ऑफ रोम’चे वय पाहताक्षणी कळते.

ऑक्टेव्हियनच्या वाट्याला आलेला भाग मात्र ‘राइज’मध्ये कुठेच नाही. हा मुलगा लढू शकत नाही. तो खांबाआड लपतो, संभाषणे चोरून ऐकतो, पहारेकऱ्याच्या डोक्यात मागून मडके घालतो, वेषांतर करून सिनेटच्या इमारतींत शिरतो, आणि सापडला की बहुधा तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो. आखाड्यातल्या धुमाळीनंतर हा मंद भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो. मला तो कल्पनेच्या दृष्टीने आवडतो, पण हाताळणी अवघडलेली आहे हे मान्य करावे लागेल.

दोन्ही गेम एका बाबतीत सारखेच ढिसाळ आहेत: सैनिक आणि ग्लॅडिएटर यांना ते जवळजवळ एकच मानतात. प्रत्यक्षात ही समाजाची दोन टोके होती. लीजनमधला सैनिक रोमचा नागरिक असे. ग्लॅडिएटर बहुतांशी गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेला गुन्हेगार असे. क्वचित एखादा स्वतंत्र माणूस करार करून या धंद्यात शिरे, पण तसे करताच तो कायद्याने कलंकित ठरे आणि त्याची प्रतिष्ठा जाई. लढण्याची रीतही वेगळी होती. आखाड्यात सहसा जोड्या लावल्या जात, जाळे व त्रिशूळ घेतलेल्या रेटियारियससमोर मोठ्या ढालीचा सेक्यूटर उभा राही, पंच हजर असे, आणि हरलेल्याला जीवदान द्यायचे की नाही हे खेळ भरवणारा माणूस लोकांचा ओरडा ऐकून ठरवी. प्रशिक्षित ग्लॅडिएटर ही मालकाची महाग मालमत्ता असल्याने प्रत्येक लढतीचा शेवट मृत्यूत होत नसे. प्रेक्षकांच्या मर्जीला ‘शॅडो ऑफ रोम’ने दिलेले महत्त्व त्या मानाने सत्याच्या जवळ जाते, एकाच दुपारी एकट्या माणसाने पाडलेला प्रेतांचा खच अजिबात नाही.

इतिहासाशी दोघांचे वागणे तपासले तर गैरसमज होण्याची शक्यता कमी होते, कारण त्यांच्या चुकांची जातच निराळी आहे. ‘शॅडो ऑफ रोम’ एक खरी घटना आणि खरी माणसे घेतो व त्यांच्याभोवती खोटी परिस्थिती उभी करतो. सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला पाँपीच्या नाट्यगृहालगतच्या सभागृहात झाला. तो भर सभेत झाला, आणि मारेकरी लपून न बसता आपण रोमला स्वातंत्र्य मिळवून दिले असे सांगत कॅपिटोलच्या टेकडीवर गेले. म्हणजे ज्या रहस्यावर सगळा गेम उभा आहे ते रहस्य रोममध्ये कोणालाच पडलेले नव्हते. अग्रिप्पा त्या वेळी जर्मेनियात नव्हता आणि ऑक्टेव्हियन रोममध्ये नव्हता. दोघेही ॲड्रियाटिक समुद्रापलीकडच्या अपोलोनिया या गावी एकत्र होते आणि बातमी त्यांना तिथे कळली. मात्र त्यांची मैत्री खरी. ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस म्हणून पहिला सम्राट झाला आणि इ.स.पू. ३१ मधल्या ॲक्टियमच्या लढाईत अँटनीविरुद्धचे त्याचे आरमार अग्रिप्पानेच चालवले. ज्या वडिलांसाठी गेममध्ये एवढा रक्तपात होतो त्यांच्याविषयी इतिहासाला जवळपास काहीच ठाऊक नाही. रोममधल्या पँथिऑन या मंदिराच्या दर्शनी भागावर ‘लूसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा’ असा जो उल्लेख आहे, त्यातून वडिलांचे पहिले नाव तेवढे कळते; व्हिप्सानियस हे तर घराण्याचे नाव.

‘राइज’चा नायक पूर्णपणे काल्पनिक आहे आणि त्याच्याभोवती खरी नावे वाटेल तशी विखुरली आहेत. ब्रिटनमधल्या बूडिका राणीचे बंड इ.स. ६० ते ६१ मध्ये, नीरोच्या राजवटीत झाले, हे बरोबर. पण गेममध्ये कॉमोडस हा नीरोचा मुलगा दाखवला आहे. खरा कॉमोडस मार्कस ऑरेलियसचा मुलगा, तो इ.स. १८० ते १९२ या काळात एकट्याने सत्तेवर होता आणि नीरोला जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे उलटली होती. नीरोला एकच अपत्य झाले, ती मुलगी होती आणि तान्हेपणीच वारली. मॅरियस ज्या कलोसियममध्ये, म्हणजे रोमच्या भव्य आखाड्यात, लढतो ते नीरोच्या हयातीत नव्हतेच: इ.स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केल्यावर त्याच्या सुवर्णप्रासादातल्या कृत्रिम तळ्याच्या जागी सम्राट व्हेस्पासियनने ते बांधायला घेतले आणि सम्राट टायटसने इ.स. ८० मध्ये त्याचे उद्घाटन केले. डॅमोक्लिझ हे नाव गेममध्ये सूडासाठी परतलेल्या रोमन सेनानीला मिळाले आहे. मूळ कथेतला डॅमोक्लिझ सिराक्यूजच्या राजदरबारातला खुशमस्कऱ्या होता. हे अज्ञान नसून निवड आहे, असे माझे मत आहे. कॉमोडसला स्वतः आखाड्यात उतरण्याचे वेड होते हे ठाऊक असल्याशिवाय त्याला कलोसियममध्ये आणण्याचे कोणाला सुचणार नाही. आणि या सरमिसळीत एक तपशील नेमका बसला आहे: ब्रिटनमध्ये बूडिकाच्या सैन्याचा पराभव करणाऱ्या सुएटोनियस पॉलिनस या रोमन सेनानीच्या फौजेत चौदावे लीजन खरोखरच होते.

एखादी चित्रफीत समोर आली आणि गेम ओळखायचा असेल, तर शत्रूच्या अंगावरची रंगीत झळाळी ही ‘राइज’ची खूण आणि कठड्यांवरून फेकली जाणारी शस्त्रे ही ‘शॅडो ऑफ रोम’ची. दोघांनी मिळून लढायचे असेल तर ‘राइज’च घ्यावा, त्यात कथेव्यतिरिक्त कलोसियममध्ये जोडीने खेळण्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो संगणकावर सहज चालतो. ‘शॅडो ऑफ रोम’ प्लेस्टेशन २ पुरताच निघाला, त्यामुळे तो खेळण्यासाठी जुने यंत्र आणि जुनी डिस्क शोधावी लागते.