बर्फातला पिकअप: टायरवरच्या चिन्हामागची पार्श्वभूमी

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत पिकअप ट्रक हिवाळ्यासाठी सज्ज करण्याचे जे उपाय आज रूढ आहेत, ते वेगवेगळ्या काळात आले आणि बहुतेक एकाच अडचणीभोवती फिरत राहिले. रिकाम्या पिकअपचे निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढच्या एक्सलवर असते. पारंपरिक रचनेत इंजिनाची ताकद मात्र मागच्या चाकांना मिळते, आणि हौदा ओझ्यासाठी बनवलेला असल्यामुळे मागच्या स्प्रिंगचे पाटेही ताठ असतात. त्यामुळे बर्फावर गाडी जागची हलत नाही, ही तक्रार सर्वांत आधी डोळ्यांत भरली आणि अनेक दशके उपायही तिच्यावरच शोधले गेले. गाडी थांबणार कशी आणि वळणार कशी, हे प्रश्न त्या मानाने फार उशिरा ऐरणीवर आले.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चाकावर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट अमेरिकेत १९०४ मध्ये मिळाले. खास हिवाळ्यासाठी बनवलेला पहिला टायर १९३४ मध्ये फिनलंडमध्ये तयार झाला आणि तो मोटारींसाठी नव्हे, तर मालट्रकसाठी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कारखान्यातूनच फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन आलेला पहिला पिकअप अमेरिकी नागरिकांना विकत घेता येऊ लागला आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इतर मोठ्या उत्पादकांनीही तोच मार्ग धरला. चारही चाके ओढू लागल्याने चढावर अडकून पडणे कमी झाले, पण ब्रेक तर आधीपासूनच चारही चाकांना होते. थांबण्याच्या अंतरात या सोयीमुळे काहीच फरक पडला नाही, आणि चढ सहज चढून गेलेल्या चालकाला उतारावर खोटा धीर मात्र मिळाला.

१९६०च्या दशकात धातूचे खिळे बसवलेले टायर आले. कडक गोठलेल्या बर्फावर ते खरोखरच चांगली पकड देतात, मात्र बर्फ नसलेला रस्ता ते खरवडून काढतात. रस्तादुरुस्तीचा बोजा पाहून मिनेसोटा राज्याने आणि कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने १९७०च्या दशकाच्या आरंभीच त्यांच्यावर बंदी घातली. ऑन्टारियोने पुढे २००५ मध्ये केवळ उत्तर भागापुरती मोकळीक दिली. जपानमध्ये खरवडलेल्या डांबराच्या धुळीने शहरवासीयांचे आरोग्य धोक्यात येऊ लागले, तेव्हा १९९० मध्ये तिथेही अशा टायरांविरुद्ध कायदा झाला. खिळे गेल्यामुळे सगळी भिस्त रबराच्या मिश्रणावर आणि टायरच्या पृष्ठभागावरील खाचांच्या रचनेवर आली. म्हणून टायरवर नेमके कोणते चिन्ह असावे, हा प्रश्न कळीचा ठरला.

टायरच्या बाजूवर छापलेल्या ‘एम+एस’ या खुणेचा अर्थ चिखल आणि बर्फ असा आहे. उत्तर अमेरिकेत ती देण्याचा निकष मुख्यतः भूमितीचा होता: खाचा कडेपर्यंत पोहोचलेल्या असाव्यात आणि पृष्ठभागाचा किमान २५ टक्के भाग पोकळ असावा. तो टायर बर्फावर चालवून पाहण्याची अट त्यात नव्हती. १९७७ मध्ये अमेरिकेत सर्व ऋतूंसाठीचे म्हणून टायर बाजारात आले आणि त्यानंतर ही खूण सर्रास दिसू लागली. परिणामी उणे वीस अंशांत लाकडासारखे ताठ होणारे रबर आणि थंडीतही मऊ राहणारे रबर, दोन्ही एकाच खुणेखाली विकले गेले. पिकअपच्या बाबतीत हा घोळ अधिक घातक होता, कारण खोल खाचांचे दणकट टायर दिसायलाच बर्फावर मात करणारे वाटतात.

१९९९ मध्ये अमेरिकेतील आणि कॅनडातील टायर उद्योगाने तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे नवे चिन्ह स्वीकारले. त्यासाठी प्रथमच प्रत्यक्ष चाचणी आवश्यक झाली: मध्यम दबलेल्या बर्फावर टायरने प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के अधिक ओढ, म्हणजे गाडी पुढे खेचण्याची पकड, दाखवली पाहिजे. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. तरीही मोजली गेली ती ओढच. गोठलेल्या रस्त्यावर थांबणे आणि वळणावर ताबा राखणे हे त्या चाचणीच्या बाहेरच राहिले, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

कॅनडातील क्यूबेक प्रांताने २००८च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. डिसेंबर २०१४ पासून तिथे केवळ डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले टायरच हिवाळी धरले जाऊ लागले. या निर्णयाने खर्च वाढतो, ही तक्रार खोटी नव्हती. पिकअपच्या चार टायरांचा वेगळा संच कष्टकरी माणसाला परवडतोच असे नाही. परंतु ज्या खुणेमागे बर्फावरची चाचणीच नाही, तिला सुरक्षेचा पुरावा मानणे त्याहून महाग पडले असते. जर्मनीनेही २०१८ पासून बनलेल्या टायरांसाठी हाच पवित्रा घेतला. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असूनही, खाच ३.५ मिलिमीटर खोल असेल तर दोन्हींपैकी कोणतीही खूण चालते. युरोपीय संघाच्या २०२१च्या टायर-लेबलमध्ये गोठलेल्या बर्फावरील पकडीचे वेगळे चिन्ह आले खरे, पण ते प्रवासी मोटारींच्या टायरांपुरतेच. जड पिकअप ज्या हलक्या मालवाहू वर्गाचे टायर वापरतात, तो वर्ग त्यातून सुटला.

थांबण्याचा आणि वळण्याचा विचार टायरपेक्षा ब्रेकच्या बाजूने आधी झाला. रिकाम्या पिकअपची मागची चाके ब्रेक लावताच जाम होतात आणि गाडी गरकन फिरते, म्हणून १९८७ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांसाठीचे अँटिलॉक, म्हणजे चाक जाम होऊ न देणारे, ब्रेक आले. पुढे, २०१२च्या मॉडेलपासून, सुमारे ४,५०० किलोपर्यंतच्या सर्व नव्या गाड्यांना गाडी भरकटू न देणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा अमेरिकेत बंधनकारक झाली.

हौद्यात वाळूच्या गोण्या टाकण्याचा जुना उपाय आजही टिकून आहे. गोण्या मागच्या एक्सलच्या अगदी वर किंवा किंचित पुढे ठेवून घट्ट बांधल्या, तर ओढ निश्चित वाढते. त्या हौद्याच्या शेवटच्या फळीपाशी ढकलल्या, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड घटते. शिवाय प्रत्येक जादा किलो थांबवावाही लागतो. फक्त मागे दोन हिवाळी टायर लावण्याची सवयही याच ओढीच्या हिशेबातून आलेली आहे आणि तीत पुढची चाके, म्हणजे वळण्याचे आणि ब्रेकचे मुख्य काम करणारी चाके, उघडी पडतात.

ऑन्टारियोने टायरांची सक्ती अजूनही केलेली नाही. २०१६ पासून तिथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायरांसाठी सवलत द्यावी लागते, इतकेच. क्यूबेकचा नियम त्या प्रांतात नोंदलेल्या गाड्यांपुरता आहे. त्यामुळे या दोन प्रांतांमधून वाहणाऱ्या ओटावा नदीच्या दोन काठांवर नोंदलेले दोन सारखेच पिकअप सारख्याच ‘एम+एस’ टायरांवर जानेवारीत एकाच पुलावरून जात असले, तरी त्यांपैकी केवळ क्यूबेकच्या काठावरील गातिनो शहराचा चालक दंडास पात्र ठरतो.