परफ्युजनचे नमुने आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्यापूर्वी

औषध माणसाच्या आतड्यातून किती वेगाने शोषले जाते हे थेट मोजण्यासाठी लॉक-आय-गट ही परफ्युजन पद्धत (आतड्याच्या एका भागातून द्रावण सोडून बाहेर आलेले तपासण्याची) आजही आधाराची आहे. स्वीडनमधील उप्साला येथे हान्स लेनरनेस आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. औषधे किती विरघळतात आणि किती शोषली जातात यावरून त्यांचे गट पाडणाऱ्या, १९९५ साली मांडलेल्या बीसीएस वर्गीकरणाला अशाच मानवी मोजमापांचा आधार होता.

तोंडावाटे १७५ सेमी लांबीची, आत अनेक मार्ग असलेली नळी जेजुनमपर्यंत (लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत) नेतात. तिच्यावर १० सेमी अंतराने दोन फुगे असतात. क्ष-किरणांखाली जागा पक्की केली, फुगे हवेने फुगवले, की मधला भाग बंद होतो. तो सलाइनने स्वच्छ धुवून ३७ अंश सेल्सियसचे, ६.५ पीएचचे, औषध मिसळलेले समपरासारी (शरीरद्रवाइतक्याच परासरण दाबाचे) द्रावण मिनिटाला २ मिली या वेगाने सोडतात. जठरातला स्राव वेगळ्या नळीने ओढून घेतात. बाहेर पडणारे द्रावण दर १०-१५ मिनिटांनी बर्फावर जमा होते. सुरुवातीचे नमुने स्थिरावस्था (बाहेर येणारी तीव्रता स्थिर होणे) येण्याआधीचे असतात. तेही पाठवा, पण हिशेबात धरू नका.

द्रावणात पेग ४००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घातलेच पाहिजे. ते आतड्यातून शोषले जात नाही, म्हणून पाणी किती शोषले गेले हे त्यावरूनच कळते. हा आकडा नसेल तर उरलेल्या गणिताला अर्थ नाही. समजा, औषध आत जाताना १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली होते आणि बाहेर ८० आले. १.७५ सेमी त्रिज्या आणि १० सेमी लांबी धरली, तर क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस सेमी. यावरून पारगम्यता (औषध आतड्याच्या भिंतीतून पार जाण्याचा वेग) ०.००००७६ सेमी प्रति सेकंद निघते. पण त्याच नमुन्यात पेगची तीव्रता १० टक्के वाढली असेल, तर पाणी शोषले गेले आहे. मग ८० ला १.१ ने भागून ७२.७ घ्यावे लागतात आणि उत्तर ०.०००११४ येते. उच्च पारगम्यतेचा उंबरठा म्हणून वापरल्या जाणाऱ्या मेटोप्रोलॉल या औषधाचे मूल्य सुमारे ०.०००१३ आहे. म्हणजे औषध उंबरठ्यापासून दूर आहे की त्याच्या जवळ, हे या एका दुरुस्तीवर ठरते.

पेग प्रकाश शोषत नाही, त्यामुळे यूव्ही डिटेक्टरवर ते दिसत नाही. आम्ही ते रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स डिटेक्टरवर मोजतो. एकूण पेगपैकी ९५ टक्क्यांहून कमी परत आले, तर गळतीचा संशय घ्या.

वरच्या फुग्याची गळती ओळखायला त्याच्या वर फिनॉल रेड हा रंग सोडतात. नमुन्याचे चार थेंब काढून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाका. रंग गुलाबी झाला, तर वरून द्रावण झिरपते आहे. नमुना पित्ताने हिरवट-पिवळा दिसला तरी संशय तोच.

तैलस्नेही (तेलात सहज विरघळणारी) औषधे नळीच्या पीव्हीसीला चिकटतात. मग आतड्यात न गेलेले औषधही ‘शोषले गेले’ असे दिसते, आणि ही चूक नेहमी वरच्या बाजूलाच जाते. म्हणून प्रयोगाआधी तेच द्रावण त्याच नळीतून, ३७ अंशांवर, तेवढाच वेळ फिरवून त्याचे नमुने आम्हाला पाठवा. औषध द्रावणातच विघटित होत असेल तर तेही इथेच उघड होते.

नमुने मोजपात्रात मोजण्याऐवजी वजन करून नोंदवा. फेस असला की आकारमान चुकते. लगेच गोठवा आणि कोरड्या बर्फात पाठवा. सोबत नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत हवी.

पारगम्यतेचा हा आकडा जैवउपलब्धतेचा (औषधाचा किती भाग रक्तात पोहोचतो याचा) नाही. व्हेरापामिल हे औषध जेजुनममधून झपाट्याने शोषले जाते, तरी आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याचे चयापचय होऊन रक्तात सुमारे २० ते ३५ टक्केच पोहोचते. जैवउपलब्धतेसाठी रक्ताचे नमुने वेगळे घ्यावे लागतात.