खालचं हेड घट्ट की सैल? स्नेअर आणि टॉमचं ट्यूनिंग

ड्रमसेटमधले स्नेअर आणि टॉम हे दोन ड्रम दिसायला भावंडंच. दोन्हींना गोल शेल म्हणजे पोकळ सांगाडा, वर-खाली हेड म्हणजे ताणलेला प्लॅस्टिकचा पडदा, कडेला रिम म्हणजे बोल्टांनी आवळलेलं कडं आणि ती आवळायला चौकोनी तोंडाची तीच एक चावी. त्यामुळे एक ड्रम ट्यून करता आला की दुसराही आलाच, असं वाटणं साहजिक आहे. घोटाळा होतो तो खालच्या हेडपाशी. त्यावर काठी पडत नाही, बसल्या जागेवरून ते दिसतही नाही, म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत. आणि नेमकं तेच हेड टॉममध्ये एक काम करतं आणि स्नेअरमध्ये भलतंच.

आधी टॉम. काठी वरच्या हेडवर पडली की आतली हवा दाबली जाते आणि खालचं हेडही हलू लागतं. कानावर येतो तो दोघांचा मिळून झालेला आवाज. दोन्ही हेडं एकाच स्वराला लावली तर टॉम सगळ्यांत जास्त वेळ घुमतो. खालचं थोडं चढं ठेवलं की घुमणं आखडतं आणि आवाज आटोपशीर होतो. मंगल कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये आधीच आवाज भिंतींवर आपटत असतो. तिथे मी तरी खालचं हेड किंचित चढंच ठेवेन. बरेच जण मात्र लांब घुमणाऱ्या टॉमवर थेट चिकटपट्ट्या मारत सुटतात. खालच्या हेडच्या बोल्टांना पाव वेढा देऊन बघायला काय हरकत आहे?

पद्धत तशी सोपी. बोल्ट आधी बोटांनीच टेकेपर्यंत फिरवा, मग चावीने समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे. प्रत्येक लगजवळ (बोल्ट ज्यात बसतो तो भाग), रिमपासून दीड-दोन इंच आत, काठीच्या टोकाने हलकेच वाजवा. सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. एखादा बोल्ट जास्त झाला तर नुसता मागे घेऊन थांबू नका. हव्या स्वराच्या खाली उतरा आणि पुन्हा वर या, म्हणजे ताण टिकतो.

तबल्याची घरं मिळवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. फक्त तबल्याची एक अपेक्षा इथे सोडून द्यावी लागते. तबल्यावर शाई असते. तिच्या वजनामुळे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळतात आणि ‘सा’ स्वच्छ ऐकू येतो, सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये आपल्या तालवाद्यांच्या या गुणावर लिहिलं होतं. ड्रमच्या हेडवर शाई नाही, त्यामुळे त्याचे वरचे स्वर आडवेतिडवेच येतात. म्हणून टॉम गाण्याच्या ‘सा’ला लावायच्या भानगडीत शक्यतो पडू नये. दोन टॉममध्ये सा-ग किंवा सा-म एवढं अंतर राखलं की रोल उतरताना कानाला पटतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ट्यून करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: कडेला ऐकू येणारा स्वर मधल्या ठोक्यापेक्षा बराच वरचा असतो, कंपनसंख्येत साधारण दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त. ट्यूनिंगच्या तक्त्यातला आकडा कडेचा आहे की मधला, हे बघितलं नाही तर तास-तास चावी फिरवूनही जमत नाही.

आता स्नेअर. इथे खालच्या हेडकडे घुमण्याचं काम नसतंच. त्याला चिकटून तारांचा पट्टा असतो, आणि वरचा प्रत्येक ठोका त्या तारांपर्यंत ताबडतोब पोचवणं हे त्याचं काम. म्हणून ते फार पातळ असतं. वरचं नेहमीचं एकपदरी हेड 10 मिलचं, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचं. खालचं बहुधा 3 मिलचं, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. दुकानात ‘स्नेअर साइड’ असं स्पष्ट सांगूनच घ्या. टॉमचं जाड हेड खाली बसवलं तर तारा मठ्ठ वाजतात.

पातळ असलं तरी ते चांगलं घट्ट लागतं. मध्ये अंगठ्याने दाबलं तर जेमतेम हललं पाहिजे. नवशिके ते फाटेल या भीतीने सैल ठेवतात आणि मग हलका ठोका तारांपर्यंत पोचतच नाही. ट्यून करताना बाजूचा खटका ओढून तारा खाली सोडा, नाहीतर सळसळीत स्वर ऐकूच येणार नाही. खालचं एकदा बसलं की वरचं हेड आपल्या मर्जीचं. संथ गाण्याला भरदार ठोका हवा तर उतरतं, कडक आवाज हवा तर चढं. ‘दोन्ही हेडं एका स्वराला’ हा टॉमचा हिशेब इथे लावण्यात अर्थ नाही.

खटक्याजवळचा छोटा स्क्रू हे आणखी एक वेगळं प्रकरण. तो तारांचा ताण बदलतो, हेडचा नाही. आवाज फार सळसळतोय म्हणून तो पिळत जायची सवय फार जणांना असते. तारा जास्त आवळल्या की त्या खालच्या हेडला दाबून धरतात. जोराचा ठोका कसाबसा निघतो, पण बोटांनी काढलेले बारीक ठोके गिळले जातात. स्क्रू पार सैल करा, एका हाताने कडेजवळ हळू वाजवत राहा आणि दुसऱ्या हाताने तो आवळत या. फरफर थांबून ठोका स्वच्छ झाला की तिथेच थांबा.

टॉम वाजवला की स्नेअरच सळसळतो, ही तक्रार तर नेहमीची. त्या टॉमचा स्वर स्नेअरच्या स्वराच्या फार जवळ आलेला असतो, म्हणून तारा त्याच्याबरोबर थरथरतात. टॉम थोडा वर किंवा खाली घ्या. तो जागेवरच हवा असेल तर स्नेअरच्या खालच्या हेडचे, पट्ट्याच्या दोन टोकांजवळचे चार बोल्ट किंचित सैल करून बघा. थोडी सळसळ तरीही उरेल. बँड वाजायला लागला की ती पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही.