न दिसणाऱ्या मुरुमावरचं औषध

मुरुमांच्या जेलबद्दलची तक्रार ठरलेली असते. "पंधरा दिवस रोज रात्री लावलं, फरक शून्य. उलट चेहरा सोलवटला आणि चार पुटकुळ्या नव्याने आल्या." मग ट्यूब कपाटात मागे सरकते आणि तिच्या जागी लिंबू, टूथपेस्ट किंवा मावशीने सुचवलेला लेप येतो. तक्रार खोटी नसते. पण ती करणाऱ्याने बहुतेक वेळा जेल नेमकं पुटकुळीवर, ठिपक्यासारखं लावलेलं असतं. सौम्य ते मध्यम मुरुमांसाठी सर्रास दिलं जाणारं ०.१ टक्के ॲडापलीनचं जेल आज दिसणाऱ्या पुटकुळीसाठी नसतंच. ते असतं पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत येऊ घातलेल्या पुटकुळीसाठी.

केस ज्या बारीक नळीतून वर येतो, तिच्या कडेला तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात (मुलींमध्येही) आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. तेल वाहून बाहेर पडलं तर काहीच बिघडत नाही. घोटाळा होतो नळीच्या अस्तरात. तिथल्या पेशी खालून तयार होतात, वर सरकतात, केराटिन या कडक प्रथिनाने भरून मरतात आणि सुट्या होऊन गळतात. मुरुमं येणाऱ्या त्वचेत त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि मेल्यावरही एकमेकींना सोडत नाहीत. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकला की थोडंसं पाणीही तुंबतं, तसं इथे तेल तुंबतं. हे पहिलं बूच म्हणजे मायक्रोकोमेडोन. ते डोळ्यांना दिसत नाही. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याच्या वरवर स्वच्छ दिसणाऱ्या भागातही ते असतं.

बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड होतो. त्याचा काळेपणा मळाचा नसतो. तो असतो मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवा लागून ऑक्सिडीकरण झालेल्या तेलाचा, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड. आत तेल भरपूर आणि ऑक्सिजन कमी, अशा जागी क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू फोफावतो. शरीराच्या संरक्षक पेशी तिकडे धावतात आणि लाल, दुखरी, पुवाची पुटकुळी तयार होते. आपण आरशात बघतो ती इतकी उशिराची अवस्था असते.

आता ॲडापलीन. ते रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कामाची नक्कल करणारं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं रसायन. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल पेशीत ज्या प्रथिनांना चिकटतं, त्या ग्राहींपैकी पहिला १९८७ साली फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला. हे ग्राही थेट केंद्रकात, डीएनएवर, आरएक्सआर नावाच्या जोडीदारासह बसलेले असतात. रिकामे असताना त्यांना काही दमनकारी प्रथिनं चिकटलेली असतात आणि शेजारची जनुकं गप्प राहतात. रेटिनॉइडचा रेणू ग्राहीच्या खाचेत बसला की ग्राहीच्या शेवटाचा सर्पिल भाग वळतो, दमनकारी प्रथिनं सुटतात, सहायक प्रथिनं येतात आणि जनुकाचं वाचन सुरू होतं. ग्राहींचे प्रकार तीन: अल्फा, बीटा, गॅमा. त्वचेत गॅमाचं राज्य आहे. ट्रेटिनॉइन हे जुनं रेटिनॉइड तिघांनाही धरतं. ॲडापलीन मुख्यतः बीटा आणि गॅमाला. त्याची आग तुलनेने कमी होते, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. शिवाय ते एपी-१ हा दाह वाढवणारा मार्गही दडपतं.

इतक्या तपशिलाचं कारण पुढे आहे. औषध केंद्रकातून काम करतं आणि बूच तयार झालंय मेलेल्या पेशींचं, ज्यांना केंद्रकच नाही! बुचाला ॲडापलीन काही सांगूच शकत नाही. ते फक्त खाली नव्याने घडणाऱ्या पेशींना वळण लावतं: नीट परिपक्व व्हा, वेळेवर सुट्या व्हा. त्या वर सरकतात आणि जुनं बूच ढिलं होऊन बाहेर ढकललं जातं. याला आठवडे लागणारच. म्हणून डॉक्टर बारा आठवडे थांबायला सांगतात, आणि म्हणूनच जेल पूर्ण चेहऱ्यावर लावायचं असतं. पुढचं बूच कुठे बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. सगळ्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. जास्त लावल्याने काम लवकर होत नाही, सालं मात्र जास्त निघतात. पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा येतो, मुरुमं थोडी वाढल्यासारखीही वाटतात. आधी मॉइश्चरायझर लावा, सुरुवातीला जेल एक दिवसाआड लावा, दिवसा सनस्क्रीन वापरा.

जेलच का? ॲडापलीन पाण्यात विरघळत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये त्याचे सूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात आणि काही मायक्रॉनचे कण नळीच्या तोंडाशी जमतात. तेलकट चेहऱ्यावर आणखी तेलही पडत नाही.

मुरुमांवरचंच दुसरं औषध, बेंझॉइल पेरॉक्साइड, त्याचं काम वेगळं. ते त्वचेत फुटून मुक्त मूलकं सोडतं आणि जिवाणू मारतं. क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक एकटंच लावत राहिलं तर जिवाणू त्याला सरावतात. पेरॉक्साइडला सरावल्याचं आढळलेलं नाही. साधं ट्रेटिनॉइन त्याच्यासोबत नीट टिकत नाही, ॲडापलीन टिकतं, म्हणून दोघं एकाच ट्यूबमध्ये मिळतात. अडीच टक्क्यांचं दहा टक्क्यांइतकंच चालतं, आग कमी करतं. उशीचा अभ्रा मात्र पांढरा वापरा, रंग उडतो.

"रक्त शुद्ध झालं की मुरुमं जातात", "लग्न झालं की जातात" ही वाक्यं निदान चेहरा तरी बिघडवत नाहीत. मेडिकलमधून न विचारता आणलेली, आठ दिवसांत गोरं करणारी स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं बिघडवतात. लाली झटकन उतरते, मग त्वचा पातळ होते आणि मुरुमं दुप्पट जोमाने येतात.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन नको. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील आणि खड्डे पडत असतील तर बारा आठवडे जेलवर घालवू नका. त्याला बहुधा पोटात घ्यायची औषधं लागतात, आणि ती त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायची.