हिवाळी कोंबडीपालन : सोलापूर परिसर

घराच्या परसात, शेतातल्या वस्तीवर किंवा गोठ्याच्या आडोशाला राखलेल्या पाच-पंचवीस कोंबड्यांची दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत घ्यायची निगा. सोलापूर जिल्ह्यात या निगेचा कस लागतो तो निव्वळ गारठ्याने नव्हे, तर पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतल्या अंतराने. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. उत्तरेकडून थंडीची लाट उतरली की ते १० अंशांच्या खाली जाते, आणि दुपारी पारा पुन्हा ३० अंशांकडे सरकतो. पहाटे पिसे फुलवून बसलेली कोंबडी दुपारी बाभळीची सावली गाठते. संक्रांतीच्या आगेमागे, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, गारठा सर्वांत जाणवतो.

जिल्हाही एकसारखा नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या उघड्या माळावर वारा बोचतो, पण हवा कोरडी असते. पंढरपूर-माळशिरसच्या उसाच्या पट्ट्यात आणि उजनीच्या फुगवट्याकाठी वारा अडतो, मात्र दव आणि धुई जास्त. माळावर आडोसा लागतो, ओलिताच्या भागात कोरडा बिछाना. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कानडी बोलणाऱ्या घरांत कोंबडीला ‘कोळी’ म्हणतात, शहरातल्या तेलुगू विणकर कुटुंबांत ‘कोडी’. राखणीच्या रीती बहुतेक सारख्याच आहेत.

मोठ्या कोंबडीला इथली थंडी सोसते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तिच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या जवळपास असते. पिसे फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर अडकवते, पाय पोटाखाली घेते आणि डोके पंखात खुपसते. बर्फाळ मुलखांसाठी सांगितलेले उपाय, म्हणजे तुऱ्याला व्हॅसलीन चोळणे, पाणी गोठू नये म्हणून भांडे तापवणे, मोठ्या पक्ष्यांना रात्रभर दिव्याची ऊब देणे, इथे गैरलागू आहेत. सोलापुरात हिवाळ्यातले खरे नुकसान दोन ठिकाणी होते : काळजीपोटी गच्च बंद केलेल्या खुराड्यात, आणि चार आठवड्यांच्या आतल्या पिलांत.

खुराडे : जुन्या माळवदाच्या घरांत ओसरीच्या कडेला किंवा जिन्याखाली दगडमातीचे खुराडे काढलेले असे. जाड भिंती दिवसभर तापत आणि रात्री हळूहळू निवत, त्यामुळे आत पहाटेपर्यंत ऊब टिके. दाराला फळी किंवा शहाबादी फरशीचा तुकडा लावला की कोल्हा-मांजराचीही काळजी मिटे. उणीव एकच, हवा खेळायला वाट नसे. आता बहुतेक ठिकाणी पत्र्याचे छप्पर आणि जाळीच्या भिंती आहेत. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही गार होतो. कोंबड्यांच्या श्वासातली वाफ त्याला खालून लागून थेंब धरते आणि पहाटे ते थेंब पाठीवर व बिछान्यावर टपकतात. ओली पाठ आणि वारा एकत्र आले की मोठी कोंबडीही आजारते. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचे पाचट वितभर जाडीने पसरून दोरीने आवळले, की थेंब धरणे बरेच कमी होते. चुलीचा धूर बाहेर पडतो त्या बाजूला मात्र पाचट टाकू नये; कोरडे पाचट ठिणगीने पेटते.

थंडी लागेल म्हणून खुराड्याच्या चारी बाजूंना ताडपत्री लावून फटीही बुजवल्या जातात. त्यामागे माया असते, पण परिणाम उलटा होतो. विष्ठा ओलीच राहते, तिच्यातून अमोनिया वायू सुटतो आणि श्वासनलिकेच्या आतले, धूळ व जंतू बाहेर लोटणारे बारीक केस निकामी करतो. मग शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची सूज आणि घरघर सुरू होते, आणि ‘सर्दी झाली’ म्हणून आणखी एक पोते लावले जाते. पारख सोपी आहे. पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. नाकाला झोंबले किंवा डोळ्यांना चुरचुरले, तर खुराडे गरजेपेक्षा जास्त बंद आहे.

छपराच्या लगेच खाली वितभर रुंदीची जाळी कायम उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि खाली बसलेल्या कोंबडीला झोत लागत नाही. खालचा अर्धा भाग पडद्याने झाकावा. पडद्याला गोणपाट चालते, खताची पोती शिवून केलेले पाल चालते, आणि सोलापुरात घरोघरी सापडणारी विरलेली चादरही चालते. फक्त सुती चादर ओल धरते, म्हणून ती रोज उन्हात टाकावी लागते. हिवाळ्यात इथला वारा मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून येतो, त्या बाजूचा पडदा आधी हवा. दक्षिण बाजू दिवसा मोकळी ठेवावी. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खुराड्यात खोलवर येते आणि बिछाना आपोआप वाळतो. सूर्य मावळला की पडदा सोडावा. सकाळी सातच्या सुमारास सूर्य वर आला की गुंडाळावा.

हिवाळ्यासाठी पक्क्या बंद भिंती बांधू नयेत. मे महिन्यात याच जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि उष्णतेने एका दुपारी जेवढ्या कोंबड्या दगावू शकतात तेवढ्या गारठ्याने अख्ख्या हिवाळ्यात दगावत नाहीत. खुराडे उन्हाळा धरून बांधावे, हिवाळ्यात नुसते झाकावे. रात्रीच्या मुक्कामाला एका मोठ्या कोंबडीमागे एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. बसायला गोल बांबूपेक्षा दोन इंच रुंदीची चपटी पट्टी बरी, कारण तिच्यावर बोटे पसरून बसता येते आणि ती पिसांखाली झाकली जातात.

बिछाना : भाताचा तूस सोलापूरकडे सहज मिळत नाही, विकत आणावा लागतो. त्याऐवजी भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा, तुरीचे भुसकट किंवा कडब्याची बारीक कुट्टी तीन-चार इंच जाडीने टाकतात. रोज सकाळी तो वरखाली करावा, पाण्याच्या भांड्याजवळचा ओला गोळा काढून टाकावा आणि तिथे थोडा चुना भुरभुरावा. परतीच्या पावसात भिजून काळा पडलेला कडबा मात्र बिछान्याला कधीही वापरू नये. जिल्ह्याचा बराच पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, त्यामुळे असा कडबा दरवर्षी गंजीत निघतोच. त्यातल्या बुरशीचे बीजाणू पिलांच्या फुप्फुसांत शिरतात. पिले चोच वर करून धापा टाकतात आणि या रोगावर परिणामकारक औषध नाही.

पिले : नुकत्याच निघालेल्या पिलाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःची ऊब स्वतः राखणे त्याला पहिले काही आठवडे जमत नाही. त्याला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती उतरवता येते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिसे भरली की पिलू बाहेरच्या हवेला तयार होते.

यावरचा उत्तम उपाय खुडूक कोंबडीच आहे. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवताना हिवाळ्यात तिच्याखाली दहाच्या आसपास अंडी ठेवावीत. जास्त ठेवली तर कडेची अंडी पिसांबाहेर राहून गारठतात. २१ दिवसांत ती दिवसातून एकदा उठते. दाणा-पाणी जवळ असले की लवकर परतते आणि अंडी निवत नाहीत. पिले निघाल्यावर आई पहाटेच त्यांना घेऊन बांधाकडे निघते आणि दवाने भिजलेल्या गवतात लव ओली होते. म्हणून पहिले तीन आठवडे सकाळी नऊच्या सुमारास ऊन चांगले तापेपर्यंत आईसह पिलांना डालग्याखाली झाकून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिने घारीपासूनही राखण होते. कार्तिकात निघालेली पिले पौषाच्या गारठ्याआधी पिसे भरून घेतात, हेही रवणीचा दिवस धरताना पाहावे.

गिरिराज, वनराज, कावेरी किंवा कडकनाथ यांची एक दिवसाची पिले उबवणी केंद्रातून आणली तर आई नसते, ऊब आपण द्यायची असते. पत्रा किंवा पुठ्ठा गोल वळवून रिंगण करावे. कोपरे नकोत, कारण गारठलेली पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. साध्या तारेच्या बल्बने दर पिलामागे साधारण दोन वॉट धरतात. इथे अलीकडे एक चूक फार होते. घरात आता एलईडी दिवे आहेत, तोच रिंगणावर टांगला जातो. त्याचा उजेड लख्ख पडतो पण ऊब जवळजवळ नसते, आणि सकाळी पिले गारठून मेलेली सापडतात. तारेचा बल्ब किंवा उबेसाठीचाच दिवा मुद्दाम मिळवावा. वीज रात्री जाणार हे धरून चालावे, आणि गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची तयारी असावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिले तर मरतातच, त्या खोलीत झोपलेल्या माणसांच्याही जिवावर बेतते.

ऊब पुरेशी आहे का, हे पिलेच दाखवतात. दिव्याखाली घोळका करून चिवचिवाट करत असतील तर गारठा आहे, कडेला पळून चोच उघडत असतील तर उष्णता जास्त, एकाच बाजूला जमली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतो आहे. रिंगणभर पांगून शांतपणे दाणे टिपत असतील तर सारे ठीक. विजेचा भरवसा नाही अशा वस्तीवर नवख्याने थंडीत एक दिवसाची पिले आणूच नयेत. महिनाभर वाढवलेली, लस दिलेली घ्यावीत. दर पक्ष्यामागे पैसे जास्त जातात, पण पक्षी हाती लागतात.

अंडी : हिवाळ्यात अंडी कमी होण्याचे मोठे कारण थंडी नव्हे, उजेड आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात सोलापूरचा दिवस सुमारे ११ तासांचाच असतो. त्यातच जुन्या कोंबड्या पिसे टाकून नवी घेतात, तेव्हा अंगातला सारा कस पिसांकडे जातो. सुधारित जातींच्या कोंबड्यांना पहाटे साडेचारपासून उजाडेपर्यंत दिवा लावून ही तूट भरता येते. या कामाला एलईडी उत्तम. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम विझवला तर कोंबड्या अंधारात खाली अडकतात, म्हणून वाढीव उजेड पहाटेचाच बरा. वर्षाला ५० ते ७० अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीला मात्र हे दोन महिने विसावा घेऊ द्यावा.

चारा-पाणी : थंडीत अंगाची ऊब राखायला दाणा जास्त जळतो, म्हणून रोजच्या मापावर थोडी वाढ करावी आणि ती संध्याकाळी द्यावी. अख्खी ज्वारी किंवा भरडलेला मका गळ्याखालच्या पिशवीत भरून कोंबडी बसली की रात्रभर तो पचतो आणि पचनाची उष्णता मिळत राहते. ज्वारीच्या या मुलखात दाण्याची वानवा नसते, उणीव असते ती प्रथिनांची. कोरड्या हिवाळ्यात किडे कमी होतात, तेव्हा शेंगदाण्याची पेंड, वाळवी लागलेली गोवरी उलटून देणे आणि शेवग्याचा पाला यांनी ती भरून काढावी. बुरशी आलेली पेंड किंवा मका विषच समजावा. अंड्याच्या कवचासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा.

पाणी इथे गोठत नाही, पण रात्रभर उघड्यावर राहिलेले पाणी कोंबड्या फार कमी पितात, आणि पाणी कमी प्यायलेली कोंबडी दाणाही कमी खाते. पहाटे विंधन विहिरीचे ताजे पाणी कोमट निघते. भांड्यातले शिळे ओतून तेच भरले की वेगळे तापवावे लागत नाही. चुलीची गार राख आणि कोरडी माती मिसळून उन्हाच्या कोपऱ्यात एक खळगा करून ठेवावा. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा झडतात.

रोग : परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी मानमोडी, म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधल्या ज्या गावी १९२७च्या सुमारास तो भारतात ओळखला गेला, त्याचेच नाव त्याला मिळाले. मान पिरगाळणे, हिरवट-पांढरी हगवण आणि धाप ही लक्षणे दिसल्यावर उपाय उरत नाही; लस आधीच द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी टोचून. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि विरघळवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांच्या घराने एकट्याने आणण्यापेक्षा गल्लीने मिळून दिवस ठरवावा. हिवाळ्याची सकाळ त्याला सोयीची, कारण लस उष्णतेने लवकर खराब होते. तुरा आणि डोळ्यांभोवती खपल्या धरणारी देवीची साथ डासांमार्फत पसरते, तिची लस सहाव्या आठवड्याच्या सुमारास पंखाच्या पडद्यात देतात. ओल्या बिछान्यावर वाढलेल्या पिलांना रक्ती हगवण लागते.

बर्ड फ्लूची भीतीही याच ऋतूत जास्त. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदला गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या दगावल्या. उजनीच्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पाणपक्षी येतात. काठच्या वस्त्यांनी आपल्या कोंबड्या व बदके त्या पाण्याकडे सोडू नयेत. एकाएकी चार-दोन पक्षी मेले तर हात न लावता, कापून न खाता, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

शिवरात्र उलटली की पडदे उतरतात, धुऊन घडी घालून माळ्यावर जातात. पत्र्यावरचे पाचट मात्र तसेच राहू देतात. मार्चपासून तेच ऊन अडवते.