प्रयोगशाळेत तयार केलेला कॉर्निया : केराटोकोनस असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

कॉन्टॅक्ट लेन्स बसवून घ्यायला येणारे बरेच जण मोबाइलवरची बातमी दाखवून विचारतात, "डुकराच्या कातडीपासून केलेला कॉर्निया बसवला की लेन्सची कटकट संपेल ना?" प्रश्न रास्त आहे. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा. मध्यभागी जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. त्या जाडीतला सुमारे 90 टक्के भाग कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेल्या मधल्या थराचा असतो. हे तंतू ठरावीक अंतर राखून थरावर थर बसलेले असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजनचाच, पण तिथे ही शिस्त नाही. प्रयोगशाळेत घाम फुटतो तो इथेच: कोलॅजन मिळतं, पण त्याला पारदर्शक ठेवून बळकट करणं कठीण.

केराटोकोनसमध्ये हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. शंकू फार वाढला की आरजीपी लेन्स (हवा आरपार जाऊ देणारी कडक कॉन्टॅक्ट लेन्स) त्याच्या टोकावर डुगडुगते. डोळ्यात फ्लुरोसीन हा चमकणारा रंग घालून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर पाहिलं, की हिरव्या रंगाच्या मधोमध काळा ठिपका दिसतो. लेन्स तिथे टेकते, घासते. काही जणांना मग ती तासभरही सोसत नाही.

स्वीडनमधल्या लिन्शोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच दुखणं धरलं. खाद्य उद्योगात उरणाऱ्या डुकराच्या कातडीतलं कोलॅजन शुद्ध करून त्यांनी पारदर्शक चकती बनवली. तिच्यात पेशी नसतात. रुग्णाचा कॉर्निया काढायचा नाही; त्यातच छोटा छेद देऊन खिसा करायचा आणि चकती आत सरकवायची. टाके नाहीत. भारत आणि इराणमधल्या 20 जणांवर केलेला हा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी भारतातल्या रुग्णांच्या कॉर्नियाची जाडी सरासरी 285 मायक्रॉननी वाढलेली होती. आधी अंध गणल्या गेलेल्या 14 जणांना पुन्हा दिसू लागलं.

आणि बातम्यांत जे क्वचितच येतं ते असं, की या रुग्णांना लेन्स पुन्हा सोसू लागली. म्हणजे चकतीने लेन्सची गरज संपतेच असं नाही, पण लेन्स बसण्याजोगा डोळा मिळतो. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

पण 20 जणांचा अभ्यास म्हणजे सुरुवात. ही चकती आम्ही विकत नाही, तिच्यासाठी आगाऊ नोंदणीही घेत नाही. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी खराब झाल्या असतील तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी जपानमध्ये वेगळा मार्ग काढलाय: प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्यात इंजेक्शनने सोडतात. डुकराचं कोलॅजन धर्मामुळे चालत नसेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने आधीच सांगा.

सध्या तुमच्या हातात आहे ते करा. डोळे चोळू नका. टोपोग्राफीचे (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचे) जुने रिपोर्ट दर वेळी सोबत आणा. शंकू वाढतोय का, हे एका रिपोर्टवरून कळत नाही. वाढत असेल तर क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे कॉर्निया बळकट करून शंकू थोपवणाऱ्या उपचारासाठी, डॉक्टरांकडे लगेच जा, कारण कॉर्निया फार पातळ झाल्यावर ते करणं अवघड होतं.

ज्यांना पूर्ण कॉर्निया बदलावा लागतो, त्यांची भिस्त आजही नेत्रदानावरच आहे. घरात कुणाचं निधन झालं, तर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला लगेच फोन करा; डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.